हात दाखवून अवलक्षण

'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण आपण सारेच वापरतो; पण तिच्यातला हात कोणाला दाखवायचा, याचा विचार क्वचितच करतो. हा हात भविष्य सांगणाऱ्यापुढे धरलेला आहे. धरला नसता तर काही बिघडले नसते. धरला म्हणून नको ते ऐकावे लागले आणि मनाची शांती गेली. ज्या समाजात मूल जन्मले की पत्रिका मांडली जात होती, पहाटे पिंगळा दारात येऊन शुभाशुभ सांगत होता, कुडमुडे जोशी कुडमुडे वाजवीत गावोगाव फिरत होते, त्याच समाजाने हा इशाराही आपल्या भाषेत जपून ठेवला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

इशारा होता तरी हात पुढे होतच राहिला, आणि आजही होतो. फरक एवढाच, की पूर्वी माणूस ज्योतिषाच्या ओटीवर बसून राही, आता घरबसल्या मोबाइलवरून विचारतो आणि मिनिटांच्या हिशेबाने पैसे मोजतो. परीक्षांचे निकाल जवळ आले की पालक मलाही विचारतात, "मास्तर, मुलाचे पुढे काय ते सांगणारा एखादा खात्रीचा माणूस तुमच्या पाहण्यात आहे का?" या प्रश्नाला मी हसत नाही. विचारणाऱ्याच्या मागे खरी काळजी उभी असते. शिवाय हा प्रश्न फार जुना आहे. खात्रीचा सांगणारा शोधण्यासाठी एका राजाने अडीच हजार वर्षांपूर्वी रीतसर परीक्षा घेतली होती. आज त्या परीक्षेची हकीकत आपण पाहू.

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात लिडिया नावाचे राज्य होते. सार्डिस ही त्याची राजधानी आणि क्रीसस हा त्याचा राजा. त्याच्या संपत्तीची ख्याती एवढी, की पाश्चात्त्य देशांत गडगंज श्रीमंताला आजही क्रीससची उपमा देतात. पूर्वेकडे इराणच्या सायरस राजाची सत्ता भराभर वाढत होती. ती अधिक वाढण्यापूर्वी आपणच चढाई करावी काय, हा क्रीससपुढचा प्रश्न होता. त्या काळच्या प्रथेप्रमाणे अशा प्रसंगी देववाणीचा कौल घेत. गोमंतकात देवाच्या अंगाला पाकळ्या लावून कौल घेण्याची चाल आपल्याला ठाऊक आहे. ग्रीक लोकांत डेल्फी, डोडोना अशी कौलाची प्रसिद्ध देवस्थाने होती. पण देवस्थाने अनेक; त्यांतले खरे बोलणारे कोणते?

क्रीससने काय केले ते ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे. राजाने निरनिराळ्या देवस्थानांकडे दूत पाठविले आणि सर्वांना एकच आज्ञा दिली: सार्डिस सोडल्यापासून दिवस मोजा आणि बरोबर शंभराव्या दिवशी विचारा की, या क्षणी आमचा राजा काय करीत आहे? मिळेल ते उत्तर लिहून आणा. मग त्या शंभराव्या दिवशी राजाने कोणाच्या कल्पनेतही येणार नाही अशी गोष्ट योजली. एक कासव आणि एक कोकरू आपल्या हाताने कापून त्याने ते पितळी हंड्यात एकत्र शिजविले आणि वर पितळी झाकण ठेवले.

दूत परतले. डेल्फीच्या उत्तरात कासवाचा आणि कोकराचा वास होता, आणि खाली-वर पितळ असल्याचा उल्लेखही होता. राजाने तत्काळ हात जोडले. हजारो पशूंचा यज्ञ केला. सोने वितळवून ११७ विटा पाडल्या, सोन्याचा सिंह घडविला, आणि हे सारे डेल्फीला धाडले. मग खरा प्रश्न विचारला: मी इराणवर चाल करू काय? उत्तर आले की, चाल केलीस तर एक मोठे साम्राज्य नष्ट होईल.

पुढचे आपण जाणताच. क्रीससने हॅलिस नदी ओलांडली. इ. स. पूर्व ५४६ च्या सुमारास सायरसने सार्डिसला वेढा घातला आणि चौदाव्या दिवशी ते पडले. एक मोठे साम्राज्य नष्ट झाले. ते क्रीससचे स्वतःचे होते. हिरोडोटस सांगतो की, बंदिवान झालेल्या राजाने आपल्या बेड्या डेल्फीला पाठवून जाब विचारला. त्यावर उत्तर मिळाले की, कोणते साम्राज्य हे पुन्हा विचारावयास हवे होते. न विचारता अर्थ लावला, हा दोष राजाचा.

श्रोतेहो, ही कथा शाळेत सांगितली की मुले डेल्फीच्या लबाडीवर हसतात. मी त्यांना थांबवून विचारतो, "राजाची परीक्षा कशी वाटली?" मुले म्हणतात, "उत्तम!" आणि वरवर पाहता ती उत्तम होतीच. प्रश्न गुप्त, वेळ निश्चित, उत्तर लेखी. आपल्यापैकी किती जण भविष्य विचारताना एवढी दक्षता घेतात? तरीही राजा बुडाला. असे का झाले, यातच आजच्या विषयाचे मर्म आहे.

पहिले कारण असे. राजाने परीक्षा घेतली एका गोष्टीची आणि विश्वास ठेवला दुसऱ्याच गोष्टीवर. 'राजा आता काय करीत आहे' या प्रश्नाचे उत्तर राजाला ठाऊक होते. ते एकच होते, आणि चुकले तर चुकले असे म्हणता येत होते. 'युद्ध करू काय' याचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते, आणि जे मिळाले ते कोणत्याही बाजूने खरेच ठरणार होते. आपल्याकडेही हेच घडते. "त्यांनी मागचे सारे अचूक सांगितले हो!" हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! मागचे बरोबर सांगितले म्हणून पुढचेही खरे, अशी आपली समजूत असते. परंतु मागचे आपल्याला स्वतःलाच ठाऊक असते, आणि जे आपल्याला ठाऊक असते ते आपल्या चेहऱ्यावरून, हातावरून, पोशाखावरून आणि आपल्याच बोलण्यावरून बाहेर पडत असते.

दुसरे कारण हिरोडोटसच्याच एका वाक्यात दडले आहे. इतर देवस्थानांनी काय उत्तरे दिली हे कोणीच सांगत नाही, अशी त्याने नोंद केली आहे. फसलेली उत्तरे नाहीशी झाली, जुळलेले उत्तर तेवढे उरले. त्यातून हिरोडोटसने लिहिले ते घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी, आणि या प्रकरणातल्या काही गोष्टी डेल्फीच्या लोकांनी सांगितल्या असे तो स्वतःच म्हणतो. आपल्या देवस्थानाचे माहात्म्य सांगणाऱ्यांनी जपलेली ही हकीकत आहे, हे विसरून चालणार नाही.

प्राचीनांना हे कळत नव्हते असे मात्र नाही. रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो हा स्वतः शकुन पाहणाऱ्या अधिकृत मंडळाचा सभासद होता. तरीही इ. स. पूर्व ४४ मध्ये शकुन आणि भविष्यकथन यांवर लिहिलेल्या ग्रंथात त्याने क्रीससला मिळालेल्या कौलाची चिकित्सा केली आणि दाखवून दिले की, कोणीही हरले असते तरी तो कौल खराच ठरला असता. आपल्या दुसऱ्या एका ग्रंथात त्याने डायागोरस नावाच्या ग्रीक माणसाची गोष्ट दिली आहे. समुद्रातल्या वादळातून नवसाने वाचलेल्यांची चित्रे देवळात टांगलेली होती. एका मित्राने ती दाखविली तेव्हा डायागोरस उत्तरला की, जे बुडाले त्यांची चित्रे कोठेच टांगलेली नाहीत. मी स्वतः श्रद्धावान माणूस आहे. मेणबत्ती लावतो, नवसही बोलतो. पण ही गोष्ट वाचली की मी अंतर्मुख होतो.

आमच्या पंथात ज्यांना फार मान आहे त्या संत ऑगस्टीन यांची साक्षही येथे काढावीशी वाटते. तारुण्यात ते ज्योतिषाच्या नादी लागले होते, हे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने कबूल केले आहे. एका वृद्ध वैद्याने त्यांना परोपरीने समजाविले, पण ते ऐकेनात. अखेर त्यांचे डोळे उघडले ते फर्मिनस नावाच्या मित्राने सांगितलेल्या हकीकतीमुळे. फर्मिनसचे वडील आणि त्यांचे एक स्नेही असे दोघेही ज्योतिषाचे वेडे. फर्मिनसची आई आणि त्या स्नेह्याच्या घरची एक दासी एकाच सुमारास प्रसूत व्हावयाच्या होत्या. दोन्ही घरांतून जन्माची बातमी घेऊन माणसे निघाली ती नेमकी अर्ध्या वाटेत भेटली. म्हणजे जन्मक्षण एकच आणि ग्रहही तेच. पण फर्मिनस श्रीमंतीत वाढला आणि मानाच्या पदांवर चढला. दासीचा मुलगा दासच राहिला. ऑगस्टीन यांना उमगले की, या दोन मुलांचे भविष्य खरे सांगायचे तर ग्रहांच्या पलीकडची, त्यांच्या घरांची माहिती असावी लागेल. आणि ती माहिती असेल तर ग्रहांची गरजच उरत नाही.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. आपल्याकडे नंदीबैलवाला दारात येतो. "पाऊस पडंल का?" म्हणून विचारतो आणि झूल पांघरलेला नंदी मान हलवितो. मालकाच्या खुणेवर बैल हलतो हे पोरासोरांनाही ठाऊक असते. म्हणून तर होयबा माणसाला आपण नंदीबैल म्हणतो. परंतु बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास एका घोड्याने मोठमोठ्या विद्वानांना चकित केले. हान्स नावाचा हा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे देई. त्याचा मालक फॉन ओस्टेन हा माझ्यासारखाच शाळामास्तर, गणिताचा. तो पैसे घेत नव्हता आणि त्याच्या मनात कपटही नव्हते. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड असेल, तर घोडा चुके. खुरांचे ठोके योग्य आकड्यापाशी आले की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलत असे, आणि घोडा ती हालचाल टिपून थांबत असे. मालकाला या खुणेची कल्पनाही नव्हती.

हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. सांगणारा प्रामाणिक आहे की लबाड, एवढ्यावर आपण खात्री ठरवितो. "बिचारे एक पैसा घेत नाहीत," असे म्हणतो. फॉन ओस्टेनही पैसा घेत नव्हता. प्रामाणिक माणूसही स्वतः फसलेला असू शकतो. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे वाचीत असताना आपण दैव वाचीत आहोत, असे त्याला मनापासून वाटू शकते.

ऐकणाराही काही कमी नसतो. अमेरिकेत १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाच्या हाती त्याचे स्वभाववर्णन दिले. ते कितपत जुळते यासाठी ५ पैकी गुण द्यावयास सांगितले. सरासरी ४ हून अधिक पडली. मग उघड झाले की सर्वांच्या कागदावर एकच मजकूर होता, आणि तो बहुतांशी बाजारातल्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. 'तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून काळजी करता', 'तुमच्या गुणांचे अजून चीज झालेले नाही', अशा घाटाची विधाने कोणाला लागू पडत नाहीत? अंगरखा सैल शिवला की तो कोणालाही बसतो.

महाराष्ट्रातही २००८ मध्ये क्रीससपेक्षा अधिक काटेकोर परीक्षा झाली. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी पुण्यात सहकाऱ्यांसह ती योजिली, आणि त्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमविल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठविल्या आणि विचारले की यांतला हुशार कोण, मतिमंद कोण, ते सांगा. २७ जणांनी उत्तरे पाठविली. बरोबर निघालेल्यांचे प्रमाण सरासरी शेकडा ४६ होते. नाणे उडविले असते तरी शेकडा ५० च्या आसपास जुळली असती. येथे समोर चेहरा नव्हता, आवाज नव्हता, काळजीने आलेली आई नव्हती. केवळ पत्रिका होती. आणि केवळ पत्रिका काहीच बोलली नाही.

एवढे सांगितल्यावर घरची एक गोष्ट सांगणे मला भाग आहे.

माझ्या मावशीचा एकुलता एक मुलगा जहाजावर नोकरीला होता. एका परदेशी बंदरात तो खाली उतरला आणि जहाज सुटेपर्यंत परतला नाही. कंपनीकडून एक लहानसे पत्र आले: शोध चालू आहे, अद्याप पत्ता लागलेला नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो. वर्षभराने कोणीतरी मावशीला एका गृहस्थांचे नाव सांगितले. ते नुसते तोंड पाहून सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. मावशीला घेऊन मीच गेलो.

बाहेरच्या खोलीत बराच वेळ बसावे लागले. शेजारी एक मध्यमवयीन गृहस्थ होते, फार मायाळू. "कोठून आलात? काय अडचण?" म्हणून त्यांनी विचारले. मी सारे सांगितले. जहाज, बंदर, महिना, मुलाचे वय, सगळे. आत गेल्यावर त्या भविष्य सांगणाऱ्यांनी मावशीकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचे माणूस पाण्यावरून गेले आहे. तरुण आहे. पश्चिमेकडे आहे." मावशी ढसढसा रडू लागली. मग ते म्हणाले, "पाण्याजवळच आहे. निरोप येईल." तिने हातातली एक बांगडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. आम्ही निघालो तेव्हा ते मायाळू गृहस्थ तेथेच बसलेले होते आणि नव्याने आलेल्या एका बाईंना विचारीत होते, "कोठून आलात?"

मी त्या वेळीही ते पाहिले. पण पाहिले म्हणजे समजले असे नव्हे. बऱ्याच वर्षांनी असल्या युक्त्यांविषयी वाचले तेव्हा तो प्रश्न कानात पुन्हा घुमला. मावशीला जे आश्चर्य वाटले ते माझ्याच तोंडून बाहेर पडलेले होते.

निरोप आला नाही. 'पाण्याजवळ आहे' हे वाक्य मात्र कधीच खोटे ठरले नाही, कारण ते खोटे ठरूच शकत नव्हते. बंदरात असला तरी पाण्याजवळ, समुद्राच्या तळाशी असला तरीही पाण्याजवळच. मावशी अखेरपर्यंत टपालवाल्याची वाट पाहत राहिली. मुलासाठी मृतांची मिस्सा तिने सांगू दिली नाही. जिवंत माणसाची कशी सांगायची, म्हणे. ती भोळी नव्हती. बाजारात तिला कोणी चार आण्यांना फसवू शकले नसते. तिला केवळ एक उत्तर हवे होते.

म्हणून, श्रोतेहो, खात्रीचा सांगणारा कसा ओळखावा असे मला विचाराल, तर इतिहासाने आणि मावशीने शिकविलेले तेवढे सांगतो. जावेसेच वाटले तर दाराबाहेर आणि दाराआत आपण होऊन काही बोलू नका. सांगितलेले तेथल्या तेथे, तारखेसह लिहून घ्या. प्रत्येक वाक्याला विचारा की, काय घडले म्हणजे हे खोटे ठरेल? ज्याला खोटे ठरण्याची वाटच नाही, ते कितीही खरे वाटले तरी उत्तर नव्हे. मागचे बरोबर सांगितले म्हणून पुढच्यावर विसंबू नका. आणि जो भीती घालतो, 'घरी कोणाला सांगू नका' म्हणतो, एका विधीनंतर दुसऱ्या विधीचे पैसे मागतो किंवा वैद्याचे औषध बंद करावयास सांगतो, त्याच्यासमोरून त्याच क्षणी उठा. महाराष्ट्रात २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. पण कायदा पोहोचेपर्यंत घरच्यांनी जागे राहिले पाहिजे.

मावशी गेल्यावर तिची पेटी आवरताना कंपनीचे ते पत्र सापडले. रागाच्या भरात तिने ते केव्हातरी फाडले होते, आणि पुढे डिंकाने चिकटवून ठेवले होते. मी ते पुन्हा वाचले. त्यात धीर देणारा एकही शब्द नव्हता; फक्त 'अद्याप पत्ता लागलेला नाही' एवढेच होते. त्या वर्षभरात मावशीला जेवढी उत्तरे मिळाली, त्यांत ठाऊक नाही असे कबूल करणारे ते एकच होते. मी त्या वेळी तिच्याजवळ बसून तेच बोलायला हवे होते. "मावशी, आपल्याला ठाऊक नाही. आपण दोघे मिळून वाट पाहू." ते न बोलता मी तिचा हात धरून तिला दुसऱ्याच्या दारात नेले.